बावीसचे अठरा

"मग टर्बोचा स्क्रू पिळू का नको, वस्ताद?"

इंद्रजितनं तिसऱ्यांदा विचारलं. दिलावर वस्ताद आपल्या गॅरेजात बसून बशीतला चहा फुंकत राहिले.

उद्या घाटात गाड्यांची शर्यत होती. वस्तादांच्या हाताखाली शिकून इंद्रजितनं कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज थाटलं, त्यानंतरची पहिलीच. सकाळपासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं.

"झालंय काय?"

"बूस्ट पडलाय. आधी काटा बावीसला जायचा. आता अठराच्या वर हलत नाही."

टर्बो इंजिनात हवा कोंबतो आणि त्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, काटा दाखवतो. काटा जेवढा वर तेवढी गाडी भारी, हे इंद्रजितनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. ठरवायला काय लागतं!

"बदललंस काय?"

"टर्बोतून इंजिनाकडं जाणारे पाइप. अरुंद होते, मोठे टाकले. सगळं माझ्या हातानं." हे सांगताना त्याची मान जरा ताठ झाली. "गळती नाही कुठं. साबणाचं पाणी लावून बघितलंय."

"पळती कशी?"

"पळती चांगली. आधीपेक्षा..." तो अडखळला. "पण काटा पडलाय न्हवं! पलीकडच्या गॅरेजवाल्याचा चोवीस दावतो. अठरा घेऊन मी तिथं उभारू?"

"आणि स्क्रू पिळलास तर?"

"दाब वाढंल. पुन्हा बावीस."

"पिस्टन टिकंल?"

जास्त दाबानं पिस्टनला भोक पडून भर घाटात इंजिन संपेल, ही भीती इंद्रजितला होतीच. म्हणून तर तो धावत आला होता. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. चारचौघांत आपला काटा खाली, हे त्याला सोसत नव्हतं.

वस्तादांनी बशी खाली ठेवली. कोपऱ्यात एक स्कूटर उभी होती, मागचं चाक पार बसलेलं.

"तेवढी हवा मार."

"आत्ता?"

"आत्ता."

चरफडत त्यानं पायपंप ओढला. नळी चाकाला लावली आणि दणादण पाय मारायला लागला. पंपावरच्या छोट्या मीटरचा काटा सरसर चढला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

"चाळीस झाले, वस्ताद!"

"चाक बघ."

त्यानं अंगठ्यानं दाबून बघितलं. चाक होतं तसंच, लिबलिबीत. त्याची नजर नळीवरून मागं सरकत आली. मध्यावर वस्तादांची टाच घट्ट रोवलेली होती.

वस्तादांनी टाच उचलली. सुस्स आवाज झाला आणि काटा धाडकन खाली आला.

"आता मार."

इंद्रजित पाय मारत राहिला. रबर ताणलं, बसलेलं चाक हळूहळू फुगायला लागलं. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. डोळे मीटरवर.

"पण वस्ताद... काटा कुठं चढतोय?"

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले. मग नळीकडं.

"ठेवू का पाय परत?"