पंतोजींच्या हातातली काठी

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका नगरात एक पंतोजी राहत होते. बुद्धी तल्लख, जीभ त्याहून तिखट. त्या नगराची एक जुनी रीत होती. चावडीवर सभा भरली की बाभळीची एक साधी काठी हातोहात फिरायची. काठी ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्याला कुणी अडवायचं नाही, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. पुढे एक राजा आला. त्याला लोकांचं बोलणं सोसवेना, म्हणून त्यानं ती काठी वाड्यात कुलूपबंद केली.

पंतोजींनी गल्लोगल्ली फिरून लोकांना काठीची आठवण करून दिली. नगर पेटून उठलं. एका शूर सरदारानं वाड्याचा दरवाजा फोडला, राजा मागच्या वाटेनं पळाला आणि काठी चावडीवर परत आली. यापुढे नगराचा कारभारी आपणच निवडायचा, असं लोकांनी ठरवलं. त्या दिवशी पंतोजी लहान मुलासारखे रडले.

सरदार म्हणाला, "पंतोजी, लोक अजून भोळे आहेत. कुणीही उठेल, काहीही बोलेल. तूर्त काठी तुमच्याजवळच ठेवा. त्यांच्या वतीनं तुम्हीच बोला."

पंतोजींना ते पटलं. खरं सांगायचं तर गोडही लागलं. लोक जरा शहाणे झाले की काठी देऊन टाकू, असं ते मनाशी म्हणाले. आणि लोक शहाणे झाले की नाही, हे ठरवणार कोण? तेही पंतोजीच! मग दर सभेत ते बोलायचे, सरदार मान डोलवायचा आणि लोक ऐकून घरी जायचे.

एके दिवशी भर सभेत एक कासारीण उभी राहिली. "कारभारी आपण निवडायचा, असं ठरलं होतं ना? मग कधी निवडायचा?"

सरदाराचा चेहरा लाल झाला. शिपायांनी तिचे हात दोरीनं बांधले.

"फितूर आहे ही, राजाची हेर!" सरदार गरजला. "पंतोजी, तुम्ही नुसतं 'हो' म्हणा. आत्ताच्या आत्ता कडेलोट करतो."

ही बाई फितूर? उठावाच्या दिवशी हिनंच आपल्या दुकानातल्या सगळ्या बांगड्या वाटेवर फोडल्या होत्या, म्हणून तर राजाचे घोडे अडले. 'हो' म्हटलं तर ती जाणार, 'नाही' म्हटलं तर काठी हातातून सुटताच आपली मान जाणार. सगळी चावडी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा त्यांच्या मनात आलं, बाई समोर उभी असताना तिच्याबद्दल मी का बोलायचं?

ते उठले आणि पायऱ्या उतरू लागले.

"पंतोजी, जागेवर बसा!" सरदाराची तलवार निम्मी म्यानाबाहेर आली.

पंतोजी थांबले नाहीत. त्यांनी काठी कासारणीच्या बांधलेल्या हातांत दिली.

"ओढा तिला!" सरदार ओरडला. शिपाई मात्र हलेनात. तेही त्याच नगरात वाढले होते. काठी हातात असलेल्याला हात कसा लावणार?

कासारणीनं आधी पंतोजींकडे पाहिलं. "पंतोजी, या काठीसाठी मी माझा सगळा माल फोडला. राजानं ती निदान कुलपात तरी ठेवली होती. तुमच्या हातात ती आम्हाला रोज दिसायची, मिळायची मात्र नाही."

पंतोजींची मान खाली गेली. ते लोकांत जाऊन बसले.

मग कासारणीनं काठी पुढे दिली, कुणीतरी तिच्या हातांची दोरी सोडली आणि काठी फिरू लागली. एक गवळी विहिरीबद्दल बोलता बोलता अडखळला, कुणी भरकटलं, कुणी नुसतंच भांडलं. सरदारानं मध्ये तोंड उघडताच कासारीण म्हणाली, "बसा सरदार, तुमच्याकडेही येईल." त्यानं शिपायांकडे पाहिलं. ते कधीच खाली बसले होते. अखेर तलवार म्यानात गेली आणि तोही बसला. दिवस मावळायच्या आत नगरानं आपला कारभारी निवडला.

काठी पंतोजींकडे आली, तेव्हा सगळे आता लांबलचक ऐकायच्या तयारीनं सावरून बसले. पंतोजी शेजारच्या गवळ्याला म्हणाले, "मघाशी तुमचं विहिरीचं अर्धवट राहिलं. ते नीट सांगा पाहू." आणि त्यांनी काठी त्याच्या हातात दिली.

तात्पर्य: लोकांना त्यांचा आवाज मिळवून देणं हे जाणत्याचं काम. तो मिळाल्यावर स्वतःकडेच ठेवला, तर राजा गेला तरी राज्य लोकांचं होत नाही.