वीस खडे

एका डोंगराच्या पायथ्याशी एक भिंत बांधली जात होती. डोंगरावरून दगडांच्या गाड्या लाकडी रुळांवरून खाली येत. पायथ्याशी एक भरलेली गाडी उभी असे. वरून आलेली तिला धडके आणि जागीच थांबे. उभी गाडी तोच वेग घेऊन भिंतीकडे निघे. गाड्यांच्या तोंडाला पोलादी कमानी होत्या, त्यामुळे काही मोडत नसे.

चाळीस पावलांवर मुकादमाचा धाकटा भाऊ गाडी अडवायला असे. धडकेचा आवाज आला की तो मोजू लागे. सहापर्यंत पाठमोरा वाकून रुळांवरचे खडे झाडायचा, सातला बाहेर यायचा, आठला पाचर ठोकायचा. त्याचं मोजणं कधी चुकलं नव्हतं.

एक दिवस भिंतीकडच्या माणसांनी राडारोड्यासाठी रिकामी गाडी मागितली. एरवी अशी गाडी चौघे जण ढकलत नेत. मुकादमाला घाई होती. तो म्हणाला, "उभी करा रुळांवर. वरची येऊन धडकेल. हलकी आहे, हळूच जाईल."

एक म्हातारा पाथरवट खाली बसला. त्याने जमिनीवर वीस खडे मांडले.

"मुकादम, धाकटा एक अंक मोजतो तेवढ्यात भरलेली गाडी पाच पावलं येते. ती रिकामीच्या चौपट जड. चार पंचे वीस, एवढा तिचा धक्का. धडकेनंतर वाटणी बदलेल, खडे वीसच राहतील."

"बरं, मग?"

"भरलेली थांबणार नाही, तीनच्या वेगाने जाईल. चार त्रिक बारा. उरलेले आठ एकट्या रिकामीचे, म्हणजे तिचा वेग आठ. कमानींमुळे दोघी जेवढ्या वेगाने जवळ येतात, तेवढ्याच वेगाने लांब जातात. आठातून तीन गेले, पाच. जुळलं बघा. रिकामी आठच्या वेगाने सुटेल."

"म्हातारबा, खडे खेळायचं वय राहिलं का तुमचं?"

माणसं हसली. म्हातारा हसला नाही. "निदान धाकट्याला सांगून या. चाळीस पावलंच तर आहेत."

मुकादमाने तिकडे पाहिलं. भाऊ हात हलवून ओरडला, "दादा, झोपलास का रे? सोड की गाडी!"

आता उठून जायचं म्हणजे म्हाताऱ्याचं ऐकल्यासारखं दिसलं असतं. मुकादमाने हात वर केला.

धडक झाली. भाऊ नेहमीसारखा वाकून मोजू लागला. एक, दोन, तीन, चार. पाचाला रिकामी गाडी त्याच्यापाशी पोचली.

मुकादम ती चाळीस पावलं धावत गेला. मागून भरलेली गाडी सावकाश, न थांबता येत होती. माणसांनी ती कशीबशी अडवली. भाऊ रुळांवर निष्प्राण पडला होता. त्याच्या मुठीत रुळांवरचे खडे तसेच होते.

पुढे कित्येक दिवस मुकादम पायथ्याशी बसून वीस खडे मांडी. बारा इकडे, आठ तिकडे. दुसरं उत्तर येत नसे. म्हातारा शेजारी येऊन बसे. मी सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही.

तात्पर्य: दिलेला धक्का विरून जात नाही, तो पुढच्याच्या वाट्याला जातो. म्हणून तो देण्याआधी पुढे कोण वाकलं आहे ते पाहावं, आणि सांगायला चाळीस पावलं जायची लाज बाळगू नये.