कातळवाडीच्या संग्रहालयाचा राखणदार

कातळवाडी नावाच्या गावात हिरामण नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा हा शब्द आपला मायेचा. गाव जो शब्द वापरायचं तो लहान मुलांपुढे सांगण्यासारखा नाही. हिरामणला जे सांगाल ते तो करायचा. अगदी तेच करायचा, आणि घोळ व्हायचा तो तिथेच.

त्याची बायको गोजरा या घोळांना कंटाळून माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, "कुठं तरी नोकरी धरा. टिकवून दावा, मग मी येते. न्हाई टिकली, तर माझी वाट बघू नगा."

ती गेली आणि हिरामणला घर खायला उठलं. फार जीव होता त्याचा गोजरावर. चुलीपुढे बसून तो तिच्याशी बोलायचा आणि मग आठवायचं, की ती नाही.

गावाबाहेर डोंगरात लेणी होती आणि पायथ्याला एक छोटं संग्रहालय होतं. तिथले बोधनकर सर कॉलेजात भारतीय चित्रकला आणि शिल्पकलेचा इतिहास शिकवायचे. मोठे विद्वान. एखाद्या मूर्तीचं नाक शाबूत दिसलं, की यांना चुकल्यासारखं वाटायचं. त्यांना राखणदार हवा होता. दिवसभर मुंडकं नसलेल्या मंडळींसोबत बसायला गावात कुणी तयार नव्हतं. हिरामण झाला.

सर म्हणाले, "हिरामण, इथली प्रत्येक वस्तू स्वच्छ पाहिजे. कुठे डाग दिसता कामा नये."

"जी सर."

हिरामणनं मूर्ती पुसल्या, पाट्या पुसल्या, खिडक्या पुसल्या. मग त्याला भिंतीवर राधाकृष्णाचं जुनं राजस्थानी लघुचित्र दिसलं. त्यात डागच डाग. निळे, हिरवे, पिवळे. त्यानं ते चौकटीतून काढलं, बादलीत बुडवलं आणि काथ्यानं घासायला घेतलं. आधी कृष्ण गोरा झाला. मग राधा गेली. मग यमुना गेली. कागद असा स्वच्छ निघाला, की नाव ठेवायला जागा नाही.

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे गाढवा, जे जुनं आहे त्याला हात लावायचा नसतो! हात पाठीमागे बांधायचे आणि लांबून बघायचं."

"आधी सांगायचं ना, सर," हिरामण म्हणाला. "आता न्हाई इसरत."

आणि खरंच विसरला नाही. दुसऱ्याच दिवशी तात्यासाहेब आले. संग्रहालयाला जागा यांनीच दिलेली. वय झालेलं, नजर अधू. उंबऱ्याला ठेच लागली आणि तात्यासाहेब दारातच आडवे झाले. हिरामण धावला, दोन पावलं आधी थांबला, हात पाठीमागे बांधले आणि मान तिरकी करून बघत राहिला.

"अरे, बघतोस काय? उचल मला!"

"न्हाई जमायचं, तात्यासाहेब. तुम्ही लई जुनं हायसा."

तात्यासाहेब काय काय बोलले ते सोडून देऊ. सर धावत आले, त्यांनी म्हाताऱ्याला उठवलं आणि हिरामणवर खेकसले, "काही अक्कल? आडवं पडलेलं दिसलं, की उचलायचं, सरळ उभं करायचं आणि धूळ झटकायची!"

"आधी सांगायचं ना, सर."

संग्रहालयाच्या मागच्या दालनात शेषशायी विष्णू होता. यादवांच्या काळातला, काळ्या दगडातला. नागाच्या वेटोळ्यावर देव शतकानुशतकं निवांत पहुडला होता. हिरामणनं त्याला पाहिलं मात्र, तो हळहळला. इतकी वर्षं बिचारा पडलाय आणि उचलायला कुणी नाही! त्यानं तालमीतले पैलवान बोलावले, दोर लावले, पहारी घातल्या. दुपारपर्यंत विष्णू उभा. पायाशी बसलेली लक्ष्मी आता पाठीवर पडली होती आणि कमळातला ब्रह्मदेव आडवा होऊन खिडकीबाहेर बघत होता. हिरामणनं देवाच्या पाठीवरची धूळ झटकली.

सर आले, त्यांनी पाहिलं आणि ते मटकन खाली पडले. हिरामणनं त्यांनाही उचललं, सरळ उभं केलं आणि धूळ झटकली.

"अरे, घडवणाऱ्यानंच निजवलंय ना त्याला?" सरांचा आवाज रडवेला झाला होता. "मग निजू दे की! इथं जे चाललंय ते चालू द्यावं. तू मध्ये पडू नकोस!"

"आधी सांगायचं ना, सर."

पुढच्या आठवड्यात सफारी घातलेला एक पाहुणा आला. त्यानं भिंतीवरचं चित्रकथीचं एक जुनं चित्र पाहिलं. राम-रावणाचं युद्ध होतं. पाहुण्यानं इकडेतिकडे बघितलं, चित्र उतरवलं, काखेत मारलं आणि चालू लागला. हिरामण स्टुलावर बसून सगळं बघत होता. चाललंय ते चालू होतं. तो मध्ये पडला नाही. नुसतं म्हणाला, "सावकाश जावा, पायरी फुटल्याली हाय."

सर धोतर सावरत एस.टी. स्टँडपर्यंत पळाले आणि सुटलेल्या गाडीच्या खिडकीतून रामाला परत ओढून घेऊन आले. धापा टाकत म्हणाले, "मोलाची वस्तू दाराबाहेर जाऊ द्यायची नाही! कुणी नेऊ लागलं, तर कुलूप लावायचं. घरी न्यायला हुबेहूब नकला असतात, त्या न्याव्यात. आता एक जरी घोळ केलास, तर तुझी नोकरी गेली म्हणून समज."

हिरामणचा चेहरा उतरला. "सर, असं करू नगा. नोकरी टिकली म्हणून गोजराला कळलंय. उद्या ती आईला घेऊन येणार हाय."

सर विद्वान असले तरी माणूस होते. ते विरघळले. "बरं. उद्या कॉलेजची मुलं येताहेत. तू कशाला हात लावू नकोस. समोर जे येईल त्याची माहिती सांग. काळ कुठला, काय तुटलंय, मोल किती. बस्स."

दुसऱ्या दिवशी हिरामणनं कमाल केली. मूर्तीमागून मूर्ती, न अडखळता. मुलं भराभरा लिहून घेत होती. सर कौतुकानं बघत होते. तेवढ्यात दारातून सासूबाई आत आल्या आणि बरोबर हिरामणच्या समोर उभ्या राहिल्या.

समोर आल्या म्हटल्यावर माहिती सांगणं आलंच.

"ही फार प्राचीन," हिरामण म्हणाला. "पुढचे दात पडल्याले हायत. मूळ रूप कसं हुतं, यावर विद्वानांत मतभेद हाय."

"जावईबापू!" सासूबाई किंचाळल्या. मुलांनी तेही लिहून घेतलं.

मागून गोजरा आली. तोंडात शिव्या तयारच होत्या तिच्या.

"ही अलीकडच्या काळातली," हिरामण सांगू लागला. "घडण त्याच घराण्याची, चेहरा आईचाच, हुबेहूब. नाकावर जरा राग हाय. तुटलंय काहीच न्हाई. आन् मोल..." त्यानं दालनभर एकदा नजर फिरवली. "मोल करता येत न्हाई. हितलं समदं मिळून हिच्यापुढं काहीच न्हाई."

गोजराच्या शिव्या तोंडातच राहिल्या. तिनं पदरानं डोळे टिपले. सरांनीही चष्मा काढून पुसला. जन्मात पहिल्यांदा हिरामणनं सांगितलेलं काम योग्य जागी केलं होतं. सर समाधानानं मुलांना घेऊन लेणी दाखवायला डोंगरावर गेले.

गोजरा लाजत म्हणाली, "चला आता घरी. बोचकं आणलंय मी. आई चार दिस ऱ्हाईल आन् जाईल."

हिरामण दचकला. त्यानं गोजराकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. मग सासूबाईंचा हात धरून तो त्यांना घेऊन बाहेर आला, गजांचं दार ओढलं आणि भलंमोठं कुलूप घातलं.

"अवं, मी आतच ऱ्हायले!"

"ठावं हाय."

"मग उघडा की! मला घरी न्यायचं न्हाई का?"

"मोलाची वस्तू दाराबाहेर जाऊ द्यायची न्हाई," हिरामण गजाआडून मायेनं म्हणाला. "येवढ्या मुश्किलीनं गावलीयास. आता काय बी झालं तरी जाऊ देत न्हाई."

मग तो सासूबाईंकडे वळला. त्यानं त्यांचं कपाळ निरखलं, नाक निरखलं आणि मान डोलावली. "चला, मामी. घरी न्यायला तुम्हीच बऱ्या."

घराच्या दारात शेजारणी ताट घेऊन उभ्याच होत्या.

"अरे, गोजरा कुठाय?"

"गोजरा कुलपात हाय," हिरामण अभिमानानं म्हणाला. "ही तिची नक्कल. ओवाळा."