आणणाऱ्यानं आधी प्यावं

"ते सगळं ठीक आहे, बाबा. पण दिवसाला किती गोळ्या चालतात, तेवढं सांगा."

हस्तक मास्तर हे तिसऱ्यांदा विचारत होते.

टेकडीवरच्या त्या मठात लोक येतात ते मुलीचं लग्न जमावं म्हणून, नाहीतर भावकीतली भांडणं मिटावीत म्हणून. 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं माप विचारायला आलेले हे पहिलेच. पण तसे ते चुकीच्या दारात आले नव्हते. चेतनदास बाबा भगवं नेसण्याआधी बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते.

मास्तर अचलपूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. चढ चढून आले तरी त्यांची ऐट उतरली नव्हती. दाराशी मठाची जुनी पाटी आहे: 'आणणाऱ्यानं आधी प्यावं, आणि आत काय आहे ते बोलून दाखवावं.' तीन पिढ्यांपूर्वी इथल्या महाराजांना कुणीतरी दुधातून काही दिलं होतं म्हणतात. तेव्हापासूनची ही रीत. ती वाचून मास्तर मोठ्यानं हसले होते.

"काय संशयी माणसं असतात एकेक!" असं बायकोला म्हणालेही.

"डॉक्टर काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"म्हणतात, गरजच नाही. पेरू खा, संत्री खा. लोक आजारी पडले तर त्यांचंच भलं, ते कशाला गोळ्या घ्या म्हणतील?"

"अन् औषधाच्या दुकानवाला?"

"तो म्हणतो, घ्या बिनधास्त, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. त्याला बाटल्या खपवायच्यात."

"पुस्तकात काय हाय?"

मास्तर सावरून बसले. हा त्यांचा विषय.

"मोठ्या माणसाची रोजची गरज शंभर मिलिग्रॅमसुद्धा नाही. वरची हद्द दोन हजार. माझी गोळी पाचशेची. म्हणजे चार. पण पुस्तकं लिहिणारे तरी कुणाचे मिंधे असतील, काय सांगावं?"

"म्हंजे तुमचा कोणावरच भरोसा नाई."

"नाही."

"माह्यावर?"

मास्तरांनी बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. विकत घेण्याजोगं तिथं काही दिसलं नाही.

"तुमच्यावर आहे."

"मंग दहा घ्या."

"दहा?" मास्तर जवळजवळ ओरडलेच. "अहो, पाच हजार होतात! जुलाब लागतील. मुतखडा…"

शब्द अर्ध्यातच राहिला.

बाबांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी बाहेर पाहिलं. ओसरीवर मास्तरांच्या पत्नी, सिंधूताई, खांबाला टेकून बसल्या होत्या. चढावर त्या चारदा थांबल्या होत्या. एक हात अजून कमरेवरच होता. मांडीवर सरबताची बाटली.

"खडा कोणाले हाय?"

"कुणाला नाही… म्हणजे, तिला आहे. पण त्याचा इथं काय संबंध?"

"संबंध हाय, असं मी कुठं म्हटलं?"

…

बाबांनी ओसरीकडे हाक दिली. "ताई, घशाले कोरड पडली. बाटलीतलं जरासं देता का?"

"नको!" मास्तर अर्धवट उठले. "ते तिचं आहे, बाबा. आंबट आहे. रांजणातलं देतो ना मी."

पण सिंधूताई बाटली घेऊन आतही आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"घ्या की. ह्यांच्या हातचं आहे. तीन वर्षं झाली, रोज सकाळी मला करून देतात. एक दिवस खाडा नाही. आमच्या शेजारणींना सांगितलं तर खरं वाटत नाही."

बाबांनी दोन पेले भरून मांडले. एक स्वतःपुढे, एक मास्तरांपुढे.

"पाटी वाचली ना, मास्तर?"

मास्तरांनी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. यात भिण्यासारखं त्यांना काही नव्हतं. ते स्वतःही रोज तेवढंच घेत.

"आता सांगा. आत काय हाय?"

"पाणी. संत्र्याचा रस. साखर, मीठ."

"आणखी?"

"वेलची," सिंधूताईंनीच आठवण करून दिली. "वेलचीशिवाय मला नाही चालत."

"हो. वेलची."

बाबांनी आपला पेला ओठांपर्यंत नेला. तिथंच थांबवला.

…

"मास्तर, मले पाजाचं असन तर सगळं सांगा लागन."

मास्तरांनी रिकामा पेला खाली ठेवला. सिंधूताईंचं हसू अजून गेलं नव्हतं, पण ते आता नुसतं चेहऱ्यावर राहून गेल्यासारखं दिसत होतं.

"…चार गोळ्या."

"कसल्या गोळ्या?" सिंधूताईंनी विचारलं.

"अगं, 'क' जीवनसत्त्वाच्या. साध्याच. हद्दीच्या आत आहेत, सिंधू. दोन हजार. तीन वर्षांत एक गोळी जास्त घातलेली नाही मी."

"ते हद्द कोणाची?" बाबा म्हणाले.

"मोठ्या माणसाची."

"कोणत्या मोठ्या माणसाची?"

"…धडधाकट."

सिंधूताई खाली बसल्या. बसताना कण्हल्या. पण बोलल्या तेव्हा आवाज शांत होता, आणि मास्तरांना तेच सोसवेना.

"मागच्या साली खडा फोडला. पुन्हा झाला. परवा सोमवारी परत जायचंय. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, घरी काही गोळ्या, टॉनिक चालू आहे का? तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसला होतात. मी म्हटलं, छे, काहीसुद्धा नाही."

"सिंधू…"

"तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत."

"माझा सख्खा दादा आठ दिवसांत गेला!" मास्तर एकदम म्हणाले. "साधा खोकला होता. आठ दिवसांत, सिंधू! त्यानंतर तुला शिंक आली तरी मी रात्र रात्र जागायचो. आणि तू गोळी म्हटलं की तोंड फिरवतेस. सांगितलं असतं तर प्यायली असतीस?"

"नसते प्यायले."

"म्हणून…"

मास्तर रडले. साठी उलटलेला, वर्गात कुणाला चूं करू न देणारा माणूस, लहान पोरासारखा रडला. सिंधूताईंच्या डोळ्यांतही पाणी आलं, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

बाबांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाले, "सोमवारी डॉक्टरले हे कोण सांगन?"

"मी सांगतो."

"याच्यानंच झाला का आणखी कशानं, ते त्याले ठरवू द्या. पण त्याच्यापाशी सगळं बोला. वेलचीसकट."

बाबा उठले. आपला पेला आणि बाटली त्यांनी अंगणातल्या जास्वंदीच्या बुंध्याशी ओतून टाकली.

ऊन तापलं होतं. सिंधूताईंनी सकाळपासून त्या सरबताखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि आता ओठांवरून जीभ फिरवत होत्या. मास्तरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पेला दोनदा विसळला, रांजणातून भरला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

सिंधूताईंनी पेल्यात पाहिलं. तळापर्यंत पाहिलं. वास घेतला.

"आधी तुम्ही," त्या म्हणाल्या.

मास्तर प्याले. "पाणी," म्हणाले.

पुन्हा भरला. पुढे धरला. सिंधूताईंचा हात मांडीवरून हलला नाही.

मास्तर तोही प्याले. "पाणी."

तिसरा भरला. त्याही वेळी त्या नुसत्या बघत राहिल्या. मास्तर प्याले. "नुसतं पाणी, सिंधू…"

…

चौथ्यांदा पेला बुडवताना मास्तर थांबले. त्यांनी वळून बाबांकडे पाहिलं.

"आणखी किती, बाबा?"

"प्या, मास्तर. रांजण भरलेला हाय."