साळूची गाडी आणि चाकाची खीळ

करवंदाच्या जाळ्यांनी गच्च भरलेल्या एका डोंगरावर, माथ्याजवळच्या खडकाखाली, एक साळू राहत असे. तिच्याबरोबर तिची तीन पिल्लं होती आणि पायांनी अधू झालेली म्हातारी सासू होती. मुलांनो, साळू तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. अंगभर काळेपांढरे लांब काटे, आणि चालू लागली की त्या काट्यांची सळसळ. ती ऐकून भलेभले वाट सोडतात. पण मनानं ही साळू फार मऊ होती.

मागच्या थंडीत तिच्या घरधन्याला बिबट्यानं नेलं. साळूनं डोळे पुसले, उंबराखालच्या वनदेवीच्या शेंदरी दगडापुढे जाऊन बसली आणि तिनं नेम धरला. "आई, पिल्लं हाताशी येईपर्यंत मी कुणापुढे हात पसरणार नाही. जे करीन ते माझ्या हातानं करीन."

नेम चांगला होता. नेमानं मोडलेला जीव सावरतो, दिवसाला आधार मिळतो. साळू पहाटे उठून देवीला पान वाहायची, कंद उकरून आणायची, घर झाडायची. अंगावरून गळालेला एकही काटा ती वाया घालवत नसे. पत्रावळ टाचायची काट्यानं, बिळाच्या तोंडावरचा पानांचा पडदा अडकवायचा काट्यानं, धाकट्याच्या तळव्यात रुतलेलं कुसळ काढायचं तेही काट्यानं. "देवीनं आपल्याला सगळं अंगचंच दिलंय," ती म्हणायची.

"दिलंय खरं," सासूबाई म्हणत, "कानसुद्धा दिलेत. तेही वापरत जा, सूनबाई."

त्या वर्षी गवत लवकर वाळलं. पलीकडच्या डोंगरावर धुराची एक बारीक रेघ दिसू लागली. वणवा अजून दूर होता, पण वारा कधी इकडे फिरेल ते सांगता येत नव्हतं. भेकरं उतरली, ससे उतरले, मुंगसांचं सगळं बिऱ्हाड नदीपार गेलं. साळूला मात्र निघता येईना. सासूबाईंना तो उतार चालवला नसता. घरात एक गाडी होती, घरधन्यानं सुतारपक्ष्याकडून कंद वाहायला करून घेतलेली. दोन चाकं, मध्ये आडवा आख, आणि चाक बाहेर निसटू नये म्हणून आखाच्या दोन्ही टोकांजवळ लाकडी खिळी. पण ती एवढीशी. सासूबाई बसल्या की गाडी भरली. मग पिल्लांना कुठे बसवायचं?

साळूनं कंबर कसली. गाडीच्या दोन्ही अंगांना बांबूच्या फळ्या बांधून तिनं बैठक रुंद केली. वर पळसाच्या पानांचं छत केलं, इतकं घट्ट टाचलेलं की खालून आभाळ दिसू नये. रुंद झालेली बैठक चाकांना घासू लागली, तेव्हा तिनं दोन्ही चाकं ओढून आखाच्या अगदी टोकाशी नेली. जुन्या खिळींची भोकं आत राहिली. तिनं दातांनी टोकाला नवी भोकं कुरतडली. जुन्या खिळी त्यांत बसेनात, म्हणून देवीचं नाव घेऊन तिनं आपल्या अंगचे दोन जाड काटे त्यांत ठोकले.

पिल्लं गाडीभोवती नाचली. "आईनं महाल केला," थोरली म्हणाली.

तेवढ्यात सुतारपक्षी शेजारच्या ऐनाच्या खोडावर येऊन बसला. कामात तो पक्का होता, पण तोंडानं फटकळ. आज येतो म्हणाला की परवा यायचा, आणि आला की आधी दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायचा. त्यानं मान वाकडी करून गाडी न्याहाळली.

"छत झकास झालंय, वहिनी. मला जमलं नसतं," तो म्हणाला. "पण चाकं टोकाला नेलीत ती कुणाच्या सल्ल्यानं? बैठक वाढली की आख लांब घ्यावा लागतो. आणि खिळीला काटा? काटा टोचायला बरा. आडवा दाब आला की तो टिकत नाही."

"सपाटीवर फिरवून पाहिलीय मी, भावजी. छान चालते."

"रिकामी फिरवलीत ना? बरं, माझ्याकडे सोडा. दोन दिवसांत नवा आख घालून देतो."

साळूचा जीव क्षणभर हो म्हणाला. पण तिला नेम आठवला. "माझा वसा आहे," ती म्हणाली, "मी कुणाकडून काही करून घेत नाही."

"मग देवीलाच विचारा आखाचं," सुतारपक्षी म्हणाला. "बघू, काय सांगते ते." आणि तो उडून गेला.

हे बोलणं साळूला लागलं. देवाधर्माची थट्टा करणाऱ्याचं ऐकायचं तरी कशाला, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्यामुळे त्याचं जे खरं होतं तेही कानाआड टाकायला तिला सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तिन्ही पिल्लांना गाडीत बसवून अंगणात एक फेरी मारली. चाकातून किर्र असा आवाज आला. पिल्लं उतरून खेळायला गेल्यावर तिनं वाकून पाहिलं. काट्यावर एक पांढरी बारीक रेघ उमटली होती, जशी तडकलेल्या मडक्यावर दिसते. इकडेतिकडे पाहत तिनं तो काटा काढला, दुसरा जाड काटा घातला, आणि तडकलेला पाचोळ्याखाली पुरून टाकला.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "गाडी ठीक आहे ना गं?"

"ठीक आहे, आई."

बोलून गेली, पण त्या दिवसापासून तिचा घास गोड लागेना. नव्या काट्यावरही रेघ आली. मग तिनं एकाऐवजी दोन दोन काटे घातले, वरून वेल गुंडाळली. वेलीमुळे रेघ दिसायची बंद झाली, एवढंच. ती पान वाहायला गेली की देवीपुढे डोळे मिटायची, आणि मिटल्या डोळ्यांपुढे उताराचं ते वळण यायचं, जिथे एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला नुसती दरी आहे. कुणाला सांगावं तर नेम मोडेल. न सांगावं तर... त्यापुढे ती विचारच करत नसे. "आई, सांभाळ," एवढं म्हणून उठायची. मुलांनो, भीती मनात दडवून ठेवली की ती कमी होत नाही. पीठ भिजवून झाकून ठेवलं की जसं फुगतं, तशी ती फुगत जाते.

आणि एका दुपारी वारा फिरला.

आधी जळक्या गवताचा वास आला. मग आभाळ पिवळं पडलं आणि माथ्यावरच्या बांबूच्या बेटातून फटाफट पेरं फुटू लागली. साळूनं छतावर ओंजळींनी पाणी ओतलं, सासूबाईंना उचलून गाडीत ठेवलं, तिन्ही पिल्लांना आत कोंबलं, आणि दांडी धरून उताराला लागली.

गाडी आता भरलेली होती. ती मागून ढकलत होती आणि साळू पुढून पाय रोवून तिला आवरत होती. किर्र, किर्र, चाकाचा आवाज तिच्या कानात नाही, काळजात होत होता. वरून ठिणग्या पडत होत्या, ओल्या पानांवर चर्र करून विझत होत्या. छतानं दगा दिला नाही. पण खाली, डाव्या चाकाशी, कट असा आवाज झाला.

एक काटा मोडला होता.

"आई, काय वाजलं?" मधल्यानं विचारलं.

"काही नाही, बाळा. काटकी मोडली."

ती आणखी थोडं उतरली. समोर ते वळण दिसू लागलं. डावं चाक डुगडुगत बाहेर सरकत होतं, आणि डावीकडेच दरी होती. तिनं कशीबशी गाडी खडकाला टेकवली आणि दांडी पोटाशी दाबून उभी राहिली. सोडली तर गाडी जाते, धरून राहिली तर आग येते.

"सूनबाई," आतून सासूबाई हळूच म्हणाल्या, "चाक जातंय ना?"

साळूनं दांडी आणखी जोरात दाबली.

"अंगणातच कळलं होतं मला. पाय अधू आहेत माझे, कान नाहीत. वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. मीही गप्प बसले, चुकलं माझं. आता दोघी गप्प बसलो तर ही लेकरं जातील."

धुरातून पाखरांचा एक थवा नदीकडे निघाला होता. त्यात साळूला सुतारपक्ष्याचा लाल तुरा दिसला. एकाच वेळी तिला आगीची भीती वाटली, दरीची वाटली आणि देवीचीही वाटली. घेतला वसा टाकला तर देवी काय करील? आणि हा फटकळ पक्षी काय बोलेल? तेवढ्यात धाकट्यानं छताखालून इवलंसं नाक बाहेर काढलं आणि तिच्याकडे पाहिलं. ते घाबरलेलं नव्हतं. आई आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंच त्याला वाटत होतं. त्या नजरेपुढे साळूचा संकोच गळून पडला.

"भावजी," तिनं जीव खाऊन हाक मारली, "माझी गाडी मोडतेय. मला येत नाही. या."

सुतारपक्षी हवेतच वळला. खडकावर उतरला, चाकाकडे एकदा पाहिलं. टोमणा त्याच्या चोचीशी आला असावा, पण पिल्लांकडे नजर गेली आणि तो त्यानं गिळला.

"चाकं होती तिथे आत घ्यायची," तो म्हणाला. "त्यासाठी बैठकीच्या वाढीव फळ्या काढा. दातांनी बांध तोडा, तेवढं तुम्हालाच जमेल. छताला हात लावू नका, तेच तुम्हाला वाचवतंय. आणि थोरले, तू खाली उतर आणि हा दगड चाकाखाली लाव."

साळूनं बांध कुरतडले. फळ्या दरीत गेल्या, त्यांचा खाली आपटण्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. सुतारपक्ष्यानं खैराची वाळकी, कठीण फांदी धरून टकाटक दोन खिळी घडवल्या. घडवता घडवता तो खोकत होता. त्याच्याही पंखांवर ठिणग्या पडत होत्या. साळूनं खांद्यानं चाक आत रेटलं आणि धरून ठेवलं, त्यानं जुन्या भोकात खीळ ठोकली. मग दुसरं चाक. आगीची धग आता पाठीला लागत होती. काट्यांची टोकं करपल्याचा वास साळूला आला.

"आता थोरली आणि मधला मागून चालतील. फळ्यांच्या बांधाची सुटलेली दोरी गाडीला मागे बांधा आणि ती धरून गाडी मागे खेचत राहा रे," सुतारपक्षी म्हणाला. "वहिनी, घाई करायची नाही. भीती वाटली तरी पाय मोजूनच टाकायचा."

"वाटतेय," साळू म्हणाली. किती दिवसांनी तिनं ते बोलून दाखवलं होतं.

"मलाही वाटतेय. चला."

वळण आलं. डावं चाक दरीच्या काठावरून गेलं, दोन खडे सुटून खाली गेले. सासूबाईंनी धाकट्याला छातीशी आवळलं आणि डोळे मिटून देवीचं नाव घेतलं. साळूनं डोळे मिटले नाहीत. चाक डुगडुगलं नाही. गाडी वळली, खडकाच्या पोटाशी आली, आणि मग उतार सौम्य होत होत नदीच्या वाळूला लागला. पाणी गुडघाभर होतं. पलीकडे पोचून साळूनं दांडी सोडली आणि ती ओल्या वाळूतच बसली.

मागे सगळा डोंगर पेटला होता. देवीचा उंबर धुरात दिसत नव्हता. साळू तिकडे पाहत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "माझा नेम मोडला."

"पोरं मोज," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"पोरं मोज आधी."

साळूनं मोजली. थोरली होती, चेहरा काजळीनं माखलेला. मधला होता, दोरी अजून सोडायला तयार नव्हता. धाकटं आजीच्या कुशीत चक्क झोपलं होतं.

"आहेत ना तिन्ही? मग काय मोडलं ते सांग मला," सासूबाई म्हणाल्या. "तू नेम धरलास तो याच पोरांसाठी. देवी काय हिशेब चुकते होय?"

साळू उठली, नदीकाठचं एक हिरवं पान तोडलं, पाण्यात भिजवून वाळूवरच्या एका साध्या दगडावर वाहिलं आणि हात जोडले. मग ती सुतारपक्ष्यापाशी गेली. तो वाळूत बसून पंख साफ करत होता.

"भावजी, गाडीला नवा आख घालून द्याल?"

"देईन. पण दोन दिवस लागतील, आधीच सांगतो. आणि माझ्या घरट्यावर छत तुम्ही घालून द्यायचं."

"दोनाचे चार लागले तरी चालतील," साळू म्हणाली. "आम्ही थांबू."

तात्पर्य : स्वतःच्या हातानं करावं, त्यात देवालाही आनंदच असतो, पण ज्या खिळीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे ती जाणत्याकडूनच बसवून घ्यावी, आणि मनात भीती आली तर ती न दडवता वेळीच हाक मारावी. हाक मारल्यानं कुठलाही नेम मोडत नाही.