‘येते’ला काय म्हणतात

“पण नियम काय आहे, फादर? येणं की जाणं?”

खांबेटे गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं, या वेळी मोठ्याने. फादर अन्सेल्मोंना डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही, उजव्याने थोडंफार.

फादर मूळचे स्पेनचे. एकावन्न वर्षं नगर जिल्ह्यात काढली, आता म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या आश्रमात राहतात. गुरुजींनी छत्तीस वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलेलं. मुलगी लग्न करून स्पेनला गेली. नातीला मराठी येत नाही, म्हणून गुरुजी सत्तरीनंतर स्पॅनिश शिकत होते.

“नियम सोपा आहे,” फादर म्हणाले. “मी आत्ता जिथे आहे तिथे ‘बेंगो’, म्हणजे येतो. बाकी सगळीकडे ‘बोय’, जातो. स्वयंपाकघरातून जेवायची हाक आली तर तुम्ही काय म्हणता?”

“आलो.”

“आम्ही म्हणतो ‘बोय’. जातो.”

“जेवायला बोलावलं की जातो? अजब आहे.”

“आणि तुम्ही लोक निघताना येतो म्हणता. मी नवा होतो तेव्हा वर्षभर वाट बघत बसायचो. कोणी येतो म्हणून गेला की त्याच्यासाठी चहा टाकून ठेवायचो.”

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी खिशातून नातीला लिहिलेलं पत्र काढलं. चार ओळी, वळणदार अक्षर. शेवटच्या ओळीत एका शब्दाची जागा कोरी.

“नात विचारते, आजी शेवटचं काय बोलली.”

“काय बोलल्या?”

“ऑपरेशनला आत नेत होते. स्ट्रेचरवरून म्हणाली, येते हं...” गुरुजींनी चष्मा पुसला. “‘बोय’ लिहिलं तर ते तिचं बोलणं नाही. ‘बेंगो’ लिहिलं तर ती खोटी पडते. ती आली नाही.”

फादरांनी वाकून कोरी जागा बघितली.

“माझी आई विहिरीवर निघाली की म्हणायची, ‘आओरा बेंगो’. आत्ता येते.”

“म्हणजे नियम मोडतो?”

“नाही. जिथे उभी होती, तिथेच यायचं म्हणत होती. बेंगोच लिहा.”

गुरुजींनी लिहिलं. शाई वाळू दिली. मग कागदाची घडी घालायला लागले.

“पुढे?” फादर म्हणाले.

“पुढे काय?”

“तुम्ही काय म्हणालात? येते म्हटलं की ये म्हणतात. एवढं मराठी मला येतं.”

गुरुजी घडीवर नख फिरवत राहिले.

“गुरुजी?”

“संमतीपत्र होतं हातात,” गुरुजी म्हणाले. “त्यात ‘शस्त्रक्रिया’ चुकीचं छापलं होतं. ‘क्री’ दीर्घ. मी ते सुधारत होतो... मान वर केली तेव्हा दार बंद झालं होतं.”



फादरांनी वॉकर जवळ ओढला आणि ते उठले. खोली ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला. दाराशी थांबले. मागे न बघता म्हणाले,

“येतो.”

आणि गेले. व्हरांड्याच्या फरशीवर वॉकर टेकत राहिला... टेकत राहिला... आवाज लांब जाऊ लागला.

गुरुजी बसून होते. समोर रिकामी खुर्ची. खुर्चीशेजारी फादरांचा अर्धा राहिलेला चहा.

मोठ्याने बोलायला हवं होतं. एरवी शेजारी बसूनसुद्धा ओरडावं लागे. पण आवाज निघेना. आणि वडीलधाऱ्या माणसाला ‘या’ म्हणायचं, हे त्यांनी पिढ्यांना शिकवलं होतं. चुकलं तर दहा वेळा लिहून घेतलं होतं.

“ये,” गुरुजी म्हणाले. ओठ हलले, एवढंच.

व्हरांड्याच्या टोकाला वॉकर थांबला.

“ऐकू आलं.”