वॉर्डातला पाटा

एकदा असं झालं, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी, एका वृद्ध प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे एक तरुण डॉक्टर शिकायला आली. तिचं नाव केतकी. हुशार, मेहनती आणि जरा उतावळी. हुशार माणसाला उतावीळपणाची सूट आपण सगळेच देतो. डॉक्टरबाई मात्र देत नसत.

एके दिवशी रेश्मा ढोबळे ही दिवस भरत आलेली मुलगी आईबरोबर तपासणीला आली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. केतकीनं छापील फॉर्म भरला. रक्तस्रावाचा काही आजार? नाही. घरात कुणाला? नाही. झालं काम.

डॉक्टरबाईंनी फॉर्म बाजूला सारला आणि रेश्माला विचारलं, "काय गं, नाक नाही टोचलंस?"

केतकीनं घड्याळाकडे पाहिलं. बाहेर तीस जणी ताटकळत होत्या, आणि आत नाकाच्या गप्पा!

"टोचलं होतं की," रेश्माची आई म्हणाली. "पण दोन दिवस रक्त थांबेना. सोनारालाच घाम फुटला. शेवटी तार काढली, भोक बुजलं. लग्नातसुद्धा चापाची नथ घातली हिनं."

"आणि तुमचं कसं?"

"माझंही तसंच. आमच्यात सगळ्या बायकांचं असंच असतं. पाळीसुद्धा दहा-दहा दिवस. त्याचं काय एवढं?" मग तिचा आवाज उतरला. "आमची थोरली अक्का बाळंतपणात गेली. सुखरूप सुटका झाली होती हो, पण आठव्या दिवशी गेली. दृष्ट लागली म्हणतात."

डॉक्टरबाईंनी मायलेकी दोघींचं रक्त तपासायला पाठवलं. रेश्माचा अहवाल ठीक आला. आईच्या रक्तात मात्र रक्त गोठवणारा एक घटक कमी निघाला. "पण मॅडम, आई कुठे बाळंत होणार आहे?" केतकी हसून म्हणाली. डॉक्टरबाईंनी त्या घटकाच्या औषधाच्या कुप्या जिल्ह्याहून मागवून फ्रीजमध्ये ठेवल्या.

रेश्मा बाळंत झाली. मुलगी, खणखणीत आवाजाची. रक्तस्राव चारचौघींसारखाच. तिसऱ्या दिवशी केतकीनं घरी सोडण्याचा कागद तयार केला, तर डॉक्टरबाई सही करीनात. चौथ्या दिवशीही नाही. रेश्माची आई काकुळतीला आली. "डॉक्टरबाई, उद्या पाचवी. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते. पाटा पुजायला नको का? घरी गेल्याशिवाय कसं चालेल?"

"मग पाटा इकडे आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घाटावरच्या एसटीतून खरोखरच दगडी पाटा आला. वॉर्डाच्या कोपऱ्यात हळदकुंकू वाहिलं गेलं, कोरा कागद आणि पेन ठेवलं गेलं. उदबत्ती तेवढी डॉक्टरबाईंनी लावू दिली नाही.

"मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवणार आणि वॉर्डात पाटा पुजू देणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

सहाव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता रेश्मा म्हणाली, "आई, मला कसंतरीच होतंय." अंगाखालची चादर रक्तानं भिजली होती. केतकी धावली. फ्रीजमधल्या कुप्या आल्या, औषध शिरेतून सुरू झालं. काही वेळानं रक्त कमी होत गेलं, आणि दुपारी रेश्मानं भाकरी मागितली. तिचं गाव तिथून दोन तासांवर, घाटावर होतं. ते दोन तास मनात येताच केतकीनं घरी सोडण्याचा तो कागद फाडून टाकला.

डॉक्टरबाईंनी तिला शेजारी बसवलं. "गरोदरपणात शरीर तो घटक आपण होऊन वाढवतं. म्हणून रेश्माचा अहवाल चांगला दिसला. बाळंतपणानंतर तो उतरतो आणि मूळची उणीव उघडी पडते. ती उणीव मला आईच्या रक्तात दिसली. हे यंत्रानं सांगितलं, त्या यंत्राला माझा नमस्कार. पण नाक टोचल्याचं विचारायला मला हौसामावशीनं शिकवलं. मी इथं नवी आले तेव्हा ती या गावची सुईण होती. तिला सही येत नव्हती. जिचं रक्त टोचताना थांबलं नाही, तिच्या घरून ती पाचवी झाली तरी हलत नसे. पंधरा पंधरा दिवस राही. का, ते तिला सांगता येत नव्हतं. औषधही नव्हतं तिच्याकडे. ज्या गेल्या, त्यांची नावं ती अगदी म्हातारपणीही घ्यायची. किती मोठी बाई होती, केतकी! आज ती असती, तर या कुप्या मी तिच्या हातात दिल्या असत्या."

"आणि पाटा?"

"नुसतं थांबा म्हटलं असतं, तर हातापाया पडून घरी गेली असती ही माणसं. पाटा इथं आला, म्हणून रेश्मा इथं राहिली."

केतकी खालच्या आवाजात म्हणाली, "मी विचारलं होतं, मॅडम. आजार नाही म्हणाल्या."

"खोटं नाही बोलल्या. घरातल्या सगळ्याच बायकांना जे होतं, त्याला आजार कोण म्हणेल?"

दाराशी रेश्माची आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "डॉक्टरबाई, म्हणजे आमच्या अक्काला दृष्ट नव्हती लागली?"

"नाही हो. तिच्या वेळी हे औषध हाताशी नव्हतं, एवढंच."

"मला तेव्हा मूल नव्हतं," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, माझीच दृष्ट लागली. तीस वर्षं मी कुणाच्या बारशाला गेले नाही." आणि ती पाट्याशेजारी खाली बसून ढसाढसा रडली. केतकीनं फक्त तिचा हात धरला आणि थोड्या वेळानं नात तिच्या मांडीवर आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी केतकीनं छापील फॉर्मच्या समासात पेनानं एक ओळ वाढवली. मग समोर बसलेल्या मुलीला विचारलं, "कान-नाक टोचलं तेव्हा रक्त किती वेळ आलं होतं गं?" ती मुलगी आधी हसली, मग आठवू लागली. बाहेर तीस जणी होत्याच. केतकी खुर्ची पुढे ओढून तिचं ऐकत बसली.